स्नानसंस्काराआधीचे वर्ष

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात राहणारा तिशीतला एखादा माणूस जवळच्या धर्मग्रामात गेला आणि फादरांना म्हणाला, की मला कॅथलिक व्हायचे आहे, तर त्या दिवशी त्याच्या डोक्यावर स्नानसंस्काराचे, म्हणजे बाप्तिस्म्याचे, पाणी कोणी ओतणार नाही. त्या महिन्यातही नाही, आणि बहुधा त्या वर्षातही नाही. आधी त्याला विचारले जाईल, का? मग घरी कोण कोण आहे, लग्न झाले आहे का, बायकोच्या कानावर ही गोष्ट घातली आहे का, आईवडील काय म्हणतात. त्यानंतर सांगितले जाईल, की रविवारी मिस्सेला येत चला, धर्मशिक्षकाजवळ बसत चला, शुभवर्तमान वाचा आणि घाई करू नका. धर्मांतर म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येणारे चित्र याच्या नेमके उलट असते. कुठे तरी एक सभा होते, कोणाच्या तरी हातावर काही तरी ठेवले जाते आणि सकाळी माणूस वेगळ्या नावाने उठतो, असे आपण ऐकत आलो आहोत. असे प्रकार कुठेच घडत नाहीत असा दावा करण्याचे कारण नाही. पण कॅथलिक ख्रिस्तसभेने प्रौढ माणसासाठी जो मार्ग स्वतः ठरवला आहे, तो मुद्दाम लांबवलेला आहे आणि ही लांबण निव्वळ औपचारिक नाही. प्रौढाच्या श्रद्धेला स्वतःचा निर्णय म्हणून काही किंमत यायची असेल तर ती या थांबण्यातूनच येते, असे मला वाटते. बाहेरच्या संशयाला आणि आतल्या उतावीळपणाला, दोन्हींना पुरेसे उत्तर त्याच काळात आहे.

हा मार्ग आज ज्या रूपात आहे तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडवला. प्रौढांचा दीक्षाकाळ टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करावा असे परिषदेने १९६३ मध्ये ठरवले आणि त्याचा विधिग्रंथ ६ जानेवारी १९७२ रोजी रोममध्ये जाहीर झाला. सुरुवातीचा काळ निव्वळ चौकशीचा असतो. त्यात कोणतेही बंधन नाही, कोणतीही नोंद नाही. मन थोडे स्थिर झाले की पहिला विधी होतो आणि तो चर्चच्या दाराशी होतो. तुम्ही काय मागता, असे त्या माणसाला सर्वांदेखत विचारतात. मग त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर आणि खांद्यांवरही ती करता येते. तिथून तो दीक्षार्थी होतो. रविवारी वाचने आणि प्रवचन ऐकतो, पण पुढच्या अर्पणविधीआधी त्याला धर्मशिक्षकाबरोबर बाहेर पाठवण्याची रीत आहे. काहींना हे अपमानास्पद वाटेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. ज्या भोजनात अजून सहभागी होता येत नाही, त्यात सहभागी झाल्याचा आव त्याला आणावा लागत नाही. दीक्षाकाळ किती असावा याला ठरावीक माप नाही. गरज पडली तर काही वर्षेही लागू शकतात, असे विधिग्रंथच म्हणतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८६५ वा नियम तीन गोष्टी मागतो: त्या माणसाने स्वतः इच्छा व्यक्त केलेली असावी, त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असावे आणि ख्रिस्ती जगण्याची परीक्षा त्याने दीक्षाकाळात दिलेली असावी. श्रद्धा स्वीकारण्यासाठी कोणाच्याही विवेकावर जबरदस्ती करण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे त्याच संहितेच्या ७४८ व्या नियमात आहे.

शेवटचा टप्पा ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो. त्याच्या पहिल्या रविवारी दीक्षार्थींची निवड होते. हा विधी सहसा बिशपांसमोर होतो आणि नावे वहीत लिहिली जातात. तिसगावकरांसाठी म्हणजे नाशिकला, कारण अहिल्यानगर जिल्हा नाशिक धर्मप्रांतात मोडतो. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात. त्या रविवारची वाचने ठरलेली आहेत: विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि थडग्यातून बाहेर बोलावलेला लाजर. पुढे निवडलेले दीक्षार्थी गुडघे टेकतात, सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, फादर त्यांच्यावर हात पसरतात. तिसगावच्या संदर्भात हे नुसते वेळापत्रक राहत नाही. शेजारच्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि रंगपंचमी हा तिचा मोठा दिवस. नगरकडून येणारे यात्रेकरू तिसगाववरूनच पुढे जातात. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे बहुतेक वर्षी ही यात्रा आणि आत्मपरीक्षणाचे रविवार एकमेकांवर येतात. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि तोच उपवासकाळाचा चौथा रविवार होता. म्हणजे घरोघर गुढ्या उभ्या असताना, भटक्यांची पंढरी म्हणवणाऱ्या मढीहून यात्रेकरू परतत असताना, इथल्या दीक्षार्थीने चर्चमध्ये गुडघे टेकायचे. जे सोडून यायचे आहे ते त्याच्यासमोर पूर्ण थाटात उभे असते. त्यात त्याचे भाऊबंद असतात, लहानपण असते. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या निवेदनात म्हटले आहे. म्हणून त्या यात्रेचा द्वेष करायला त्याला कोणी सांगत नाही, सांगूही नये. पण यापुढे आपला नवस, आपले नमन कुठे, हे मात्र त्याला ठरवावे लागते. असा निर्णय सणाच्या गर्दीत उभे राहून, वर्षभर विचार करून घेतलेला असला तरच टिकतो.

या मागणीमागे जुना अनुभव आहे. तिसऱ्या शतकातल्या, हिप्पोलितुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ग्रंथात दीक्षाकाळ तीन वर्षांचा सांगितला आहे. तिथे शेवटी विचारायचे प्रश्न पाठांतराचे नाहीत. या माणसाने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांची विचारपूस केली का, असे ते प्रश्न आहेत. पुढे राजाश्रय मिळाला, तान्ह्या मुलांचा स्नानसंस्कार सर्वत्र रूढ झाला आणि प्रौढांचा दीक्षाकाळ हळूहळू लोपला. त्याची किंमत भारतात दिसली. एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांना स्नानसंस्कार दिल्याचे फ्रान्सिस झेवियर यांनी १५४५ मधल्या पत्रात त्रावणकोरविषयी लिहिले आहे. गोव्यात तर सामुदायिक स्नानसंस्कारांचे सोहळे होत आणि त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती. मग शिकवण कधी? थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण याच प्रश्नातून आले. १६१६ मध्ये रायतूरला छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य आपण मराठीच्या वैभवात मोजतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आरंभीचा प्रसंग पाहिला तर मागणी करणारा माणूस आधीच ख्रिस्ती झालेला आहे. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी वाचायला काही द्या, असे तो सांगतो. पाणी आधी मिळाले आणि शब्द मागाहून आला. इतका सुंदर शब्द आला हे गोव्यातल्या सालसेतच्या लोकांचे भाग्य. बाकी अनेक ठिकाणी तो आलाच नाही.

मराठी मुलखातली दोन उदाहरणे या संदर्भात मला फार बोलकी वाटतात. दोन्ही प्रोटेस्टंट परंपरेतली आहेत, पण प्रश्न तोच आहे. पंडिता रमाबाई १८८३ च्या मे महिन्यात इंग्लंडला पोचल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेजच्या अँग्लिकन मठात त्यांचा व त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा तीव्र पत्रव्यवहार झाला. जे प्रश्न आधीच्या शांत संवादात यायला हवे होते, ते नंतरच्या भांडणात आले. रमाबाईंसारखी बुद्धिमान बाई समोर असताना शिकवणाऱ्यांनी इतकी घाई का करावी? ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. दुसरीकडे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. सोवळेओवळे, माहेर, ताटातूट, संताप हे सगळे भोगून त्यांनी पाच वर्षे घेतली. पती ख्रिस्ती झाला म्हणून ख्रिस्ती झालेली बायको हे बिरुद त्यांना कधीच चिकटले नाही, ते या पाच वर्षांमुळे. कोणत्याही विधिग्रंथाशिवाय त्यांनी आपला दीक्षाकाळ स्वतःच पुरा केला.

आता सर्वांत मोठा आक्षेप. तुम्ही आज विधिग्रंथ दाखवता, पण नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती झाले कसे? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पोट जाळायला काही नव्हते, मिशनने धान्य दिले आणि वस्त्याच्या वस्त्या तिकडे वळल्या, हाच इतिहास नाही का? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत जर्मन जेझुइट धर्मगुरू आले, आणि मुख्यतः महार व मांग समाजातून लोक समूहाने आले. भुकेचा आणि अपमानाचा त्यात वाटा होता. दुष्काळी कामावर मजुरी देणारा हात आणि स्नानसंस्कार देणारा हात एकच असला, तर समोरच्याचे स्वातंत्र्य कमी होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला ज्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याला शाळेत बसवून अक्षर शिकवणारा धर्मशिक्षक दिसला, तेव्हा त्याने केलेली निवड केवळ पोटाची म्हणून निकालात काढणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. शिवाय कसोटी पुढे लागलीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले. देणारे गेले, तरी केंदळ, वळण, संगमनेर, राहुरी या भागातला समाज पांगला नाही. केंदळला १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिकही मागे राहिले. गावोगावच्या मास्तरांनी आणि आयाबायांनी श्रद्धा सांभाळली. म्हणून मी त्या पूर्वजांना खोटे म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन, की त्यांना जो अवधी मिळायला हवा होता तो मिळाला नाही, आणि आजच्या माणसाला तो नाकारण्याचे कोणतेच कारण उरलेले नाही.

आजचे लाभाचे गणित तर उलटेच आहे. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळतो, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. दलित माणूस कॅथलिक झाला की मुलाच्या शिष्यवृत्तीपासून पंचायतीतल्या राखीव जागेपर्यंत हातातले सुटते. हा आदेश अन्यायकारक आहे असे माझे मत आहे, कारण स्नानसंस्काराने जातीचा जाच गावातून नाहीसा होत नाही. पण तो आहे तोवर दीक्षार्थीला तो स्पष्टपणे सांगणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे. शेतीवाडीचेही तसेच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा जात नाही; मात्र धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुले वारसाच्या वेळी हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत त्यांना वारसा मिळत नाही. जोडीदाराने धर्म बदलणे हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे एक कारण आहे. एवढे सगळे ज्याच्या निर्णयाला चिकटलेले आहे, त्याला पंधरा दिवसांत पाण्याखाली उभे करणे याला धर्मोत्साह म्हणवतच नाही. आणि कायद्याच्या भाषेत बोलायचे, तर धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात दिला. त्यावर पुष्कळ टीका झाली आहे. तरी नीट चाललेल्या दीक्षाकाळाला या निकालाची भीती बाळगायला नको, कारण तिथे निर्णय घेणारा तो माणूसच असतो, आणि त्याने मागे फिरायचे ठरवले तर दार उघडे असते.

लग्नाचा प्रश्न वेगळा. कॅथलिक मुलीशी लग्न करायचे म्हणून मुलाने स्नानसंस्कार घ्यावा, अशी समजूत दोन्ही बाजूंच्या घरांत असते. ती चुकीची आहे. ख्रिस्ती नसलेल्याशी लग्न करायला धर्मप्रांताची विशेष परवानगी मिळते. ती घेऊन लग्न लावावे आणि श्रद्धेचा निर्णय त्याच्या वेळेवर सोडावा. पत्रिका छापून झाल्यावर घेतलेल्या स्नानसंस्कारात इच्छा कुणाची, हे त्या मुलालाही सांगता येणार नाही. नगर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट वारंवार येते. इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरे शेजारी शेजारी आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सभासदाला कॅथलिक व्हायचे असेल, तर त्याचा बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत. पाणी एकदाच. तो श्रद्धेचा स्वीकार जाहीर करतो, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घेतो, आणि त्याला दीक्षार्थी म्हणत नाहीत. अनेक घरांना हे माहीत नसते.

यावर कोणी विचारेल, प्रौढाला एवढे थांबवता, मग तान्ह्या लेकराला का नाही? त्याने काय ठरवले? पण तान्ह्या मुलाच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे, फक्त ते आईबापांना लावले जाते. मूल श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा नसेल, तर त्याचा संस्कार लांबवावा, असे धर्मसंहिता सांगते. हा नियम आपल्याकडे फारसा पाळला जात नाही, हे मात्र खरे. याहून खोल प्रश्न नारायण वामन टिळकांनी आपल्या आयुष्यानेच विचारला होता. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. मन ख्रिस्ताकडे लागले तर पाणी कशाला? कॅथलिक उत्तर मला असे दिसते: श्रद्धा मनात जन्मते, पण ती एकट्याची राहू नये, तिला सोबत लागते, आणि स्नानसंस्कार हा त्या सोबतीत पाऊल टाकण्याचा क्षण आहे. तोवरचा माणूस परका मानला जात नाही. दीक्षार्थी स्नानसंस्काराआधीच वारला, तर त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती माणसाप्रमाणे करतात. टिळकांना ज्या उंबरठ्यावरच्या माणसांची काळजी होती, त्यांना या व्यवस्थेत स्वतःचे नाव आणि स्थान आहे.

ग्रंथात आहे ते सगळे धर्मग्रामात उतरते असे नाही, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. पाथर्डी तालुक्यातली हजारो माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे निवडीचा विधी, आत्मपरीक्षणाचे तिन्ही रविवार, कधीकधी स्नानसंस्काराचा, ईस्टरचा जागरणविधीही कारखान्याच्या फडावर निघून जातो. पहाटे तीनला गाडी भरणाऱ्या बाईने रविवारी नाशिकला यावे ही अपेक्षा धरणाऱ्यांनी तिच्यासाठी काही ठरवलेले नाही. तिची तयारी नाही असे म्हणून तिला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे जितके चुकीचे, तितकेच सगळे टप्पे गाळून एका दुपारी उरकणे चुकीचे. विधिग्रंथात नेहमीच्या काळाबाहेर दीक्षा देण्याची सोय आहे, ती अशाच माणसांसाठी वापरली पाहिजे. चौकशीचा आणि शिकवणीचा काळ पावसाळ्यात, टोळी गावी असताना ठेवता येईल. हंगामात ती ज्या कारखान्यावर असेल, तिथल्या जवळच्या धर्मग्रामाला निरोप धाडून एखादा धर्मशिक्षक महिन्यातून एकदा कोप्यांवर जाऊ शकेल. ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टपर्यंतचा काळ नव्याने आलेल्यांना हाताशी धरून चालवण्यासाठी राखलेला आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो: पाणी झाले, फोटो झाले, पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी बाकावर बसायलाही कोणी नसते. पाथर्डीच्या माणसाला मात्र हाच काळ मोकळा सापडतो. कोयता ठेवलेला असतो, पेरणी अजून लांब असते. धर्मग्रामाने आपले धर्मशिक्षक त्या सात आठवड्यांत तिसगाव-पाथर्डीच्या वस्त्यांवर पाठवावेत.